मुलाखतीतला चेहरा

८ जानेवारी, मंगळवार

ही वही रोजगार कार्यालयातल्या कोरीच्या सांगण्यावरून आणली. प्रत्येक मुलाखतीनंतर घरी येऊन लिहायचं: काय विचारलं, कुठे घाबरले, कुठे जीभ अडखळली. "कागदावर उतरवलं की भीती लहान होते," म्हणाला. कोरी एकतीस वर्षांचा आहे. त्याला कसली भीती वाटत असेल, देव जाणे. पण पोरगा मनाने चांगला आहे, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो.

पहिल्या पानावर स्वतःची ओळख लिहायची, मुलाखतीत विचारतात तशी. तर मी मार्लिस टॉरविक, वय चोपन्न, मुक्काम सुपीरियर, विस्कॉन्सिन. कापडाच्या दुकानात बावीस वर्षं कापड कापायच्या टेबलामागे उभी होते. लोक पडद्याचं कापड घ्यायला यायचे आणि माझ्याशी गप्पा मारून तीन वार जास्त घेऊन जायचे. माझं हसणं पार मागच्या झिपच्या खोक्यांपर्यंत ऐकू जायचं असं मॅनेजर म्हणायची. सप्टेंबरात कंपनीने दुकान बंद केलं. दुकानाबरोबर आरोग्य विमा गेला. नवरा त्याच्या आधीच गेला होता, ॲरिझोनात, दुसऱ्या बाईबरोबर. नोव्हेंबरपासून मी थोरल्या बहिणीकडे राहते. लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिचा डेल ऑक्टोबरात हार्ट अटॅकने गेला. "दोघींनी दोन घरं गरम करत बसण्यात काय अर्थ आहे," असं तीच म्हणाली आणि मी आले.

आजची मुलाखत हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी होती. मुलाखत घेणारी मुलगी पंचविशीची, पापण्या लांबच लांब. स्वतःबद्दल सांगा म्हणाली, मी सांगितलं. मग माझ्या डाव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागला, पैसे मोजताना हलतो तसा. मी हात मांडीखाली दाबून बसले. जाताना ती म्हणाली, "आम्हाला इथे हसरी माणसं लागतात." मी तर सगळा वेळ हसत होते.


१७ जानेवारी, गुरुवार

हॉटेलचं नकाराचं पत्र आलं.

आज घरी ओव्हनमधली बटाटे-खिम्याची हॉटडिश करपली. मी ओव्हनपासून चार पावलांवर बसून अर्ज भरत होते. लव्हॉन कामावरून आली ती दारातूनच ओरडली, "अगं, घर पेटवतेस की काय? नाक कुठे ठेवलंयस?" खिडक्या उघडल्या. बाहेर उणे वीस. मी म्हटलं, अर्जात डोकं घातलेलं होतं, लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "तुझं कशातच लक्ष नसतं हल्ली." मग ती बराच वेळ करपलेले बटाटे खरवडत राहिली आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

डेल गेल्यापासून ती फार टोचून बोलते. दुःख प्रत्येकाचं वेगळ्या वाटेने बाहेर येतं. मी मनावर घेत नाही.


२९ जानेवारी, मंगळवार

दातांच्या डॉक्टरांकडे मुलाखत. कामं तीन: फोन घेणं, तारखा देणं, घाबरलेल्या लोकांना धीर देणं. तिसरं तर मला झोपेतही जमेल असं वाटलं होतं.

डॉक्टर आणि त्यांची बायको दोघं समोर. बायको दोनदा म्हणाली, "जरा मोठ्याने बोलाल का?" मला वाटलं तिला कमी ऐकू येत असेल. मग डॉक्टरही पुढे झुकले. मी मोठ्यानेच बोलत होते. निदान माझ्या कानांना तरी तसं वाटत होतं.

धीर देण्याचा प्रश्न आला तेव्हा मी बिल्सीबाईंची गोष्ट सांगितली. त्या लग्नाच्या सकाळी फाटलेला झगा घेऊन रडत दुकानात आल्या आणि मी त्यांना टेबलावर उभं करून अंगावरच शिवून दिला, शेवटी दोघी हसून हसून खाली बसलो. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल, एकदाही फसलेली नाही. आज गोष्ट संपली आणि ती दोघं वाट बघत राहिली, अजून काही आहे का म्हणून.

बाहेर आले तर कोटाचं बटण लागेना. सहा मिनिटं लागली. रस्त्यावर घड्याळ होतं म्हणून कळलं. घाबरलेल्या नसा किती हरामखोर असतात. मुलाखत संपली तरी ह्यांचं चालूच.


६ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

कोरीने आज खोटी मुलाखत घेतली आणि फोनवर चित्रण केलं. त्याआधी सूचना दिल्या. खोल श्वास घ्या, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. हातात फाइल धरा म्हणजे हात कापत नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. "आणि मुख्य म्हणजे तुम्ही दिसल्या पाहिजेत, मार्लिस. तुमचं व्यक्तिमत्त्व. कागदावर सगळे सारखेच असतात." मी म्हटलं, बाबा रे, व्यक्तिमत्त्व म्हणशील तर माझ्याकडे ते इतकं होतं की मॅनेजर मला ते थोडं मागच्या खोलीत ठेवून यायला सांगायची. तो हसला. मीही हसले.

मुलाखत छान झाली. मी दोन विनोद केले. बिल्सीबाई पुन्हा सांगितल्या, ह्या वेळी हातवारे करून. कोरी टाळी वाजवेल असं वाटलं होतं.

मग त्याने चित्रण दाखवलं.

खुर्चीत एक बाई बसलेली होती. माझा निळा स्वेटर घातलेला. ओठ हलत होते आणि बाकी काही हलत नव्हतं. विनोद आला, गेला. मला पक्कं आठवत होतं, त्या जागी मी हसले होते, गालांना ताण जाणवला होता. पडद्यावरची बाई कोऱ्या भिंतीसारखी बघत होती. हातवारे म्हणजे उजवा हात इंचभर वर आला आणि परत मांडीवर पडला. डावा तर नुसता ठेवलेला. डोळ्यांची पापणीसुद्धा मिटत नव्हती.

"ही मी नाही," मी म्हटलं.

कोरी म्हणाला, "भीतीने होतं असं. काही लोक बडबडतात, काही गोठतात. तुम्ही गोठता." मग म्हणाला, "मागच्या वर्षी घरात कुणी गेलंय ना? मनावर दडपण असेल. सरावाने सुटेल. रोज आरशासमोर दहा मिनिटं."

घरी येताना बसमध्ये खिडकीच्या काचेत बघून हसण्याचा प्रयत्न केला. समोरच्या माणसाने जागा बदलली.


८ फेब्रुवारी, शुक्रवार

आरशासमोर सराव. बोटांनी ओठांचे कोपरे वर धरायचे, सोडायचे. लव्हॉन टॉवेल घ्यायला आली आणि दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

"हसायचा सराव. कोरीने सांगितलाय."

"परक्यांसाठी सराव करतेस होय? बरंय."

"म्हणजे?"

"काही नाही. घरच्यांसाठी कधी केला नाहीस म्हणून म्हटलं. डेलच्या वेळी अशीच होतीस."

"अशीच म्हणजे कशी?"

ती टॉवेल घेऊन गेली. मी मागून विचारलं, पुन्हा विचारलं. बाथरूमचं दार लागलं, पाणी सुरू झालं. डेलच्या वेळी मी काय केलं ते मला तरी आठवतंय. तीन दिवस सँडविचं केली, खुर्च्या मांडल्या, तिच्याशेजारी उभी राहिले. आणखी काय करायला हवं होतं?


२१ फेब्रुवारी, गुरुवार

आजची नोकरी हातातली होती. म्हणून सविस्तर लिहिते.

रोझालिंड प्रूट बारा वर्षं माझी गिऱ्हाईक. गोधड्या शिवते, बक्षिसं मिळवते. तिने आता स्वतःचं दुकान काढलंय, गोधड्यांच्या कापडांचं. तिनेच फोन केला: "मार्लिस, ये. मुलाखत नावापुरती. तू टेबलामागे उभी असलीस की माझं दुकान चाललंच समज." मी लव्हॉनला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुकान देखणं आहे. कापडाचे गठ्ठे रंगांच्या क्रमाने लावलेत. मला कापडाचा वास येईल, जुन्या घरी आल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, पण नवीन दुकानाला वास नसावा. रोझालिंडने कॉफी दिली, तिच्या भाचीची ओळख करून दिली. मग म्हणाली, "पोरीला दाखव गं, अर्धा वार सरळ कसा कापायचा. मी तिला सांगत असते, मार्लिस डोळे मिटून कापते."

मी कात्री घेतली. पट्टी ठेवली, डाव्या हाताने दाबली. पट्टी माझ्या हाताखाली टक टक टक वाजायला लागली. मी आणखी जोरात दाबली तर आणखी वाजली. मनात चार मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. कात्री चालवली. मधेच हात चिकटल्यासारखा झाला, पुढे जाईना, मग एकदम गेला. काठ नागमोडी निघाला. भाची छताकडे बघायला लागली.

"पुन्हा कर," रोझालिंड म्हणाली. दुसराही तसाच.

तिने मला मागच्या खोलीत नेलं. "मार्लिस, खरं सांग. पितेस का?"

मी नाही म्हटलं. वर्षातून एकदा नाताळात बिअर, तीही अर्धी.

"मग काय झालंय तुला? आल्यापासून एकदा हसली नाहीस. माझ्या दुकानाबद्दल एक चांगला शब्द नाही. माझ्यावर राग आहे का? आधी फोन केला नाही म्हणून?"

"रोझालिंड, मला इतका आनंद झालाय की..." मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच गळ्यात राहिला. तिने कान पुढे केला, मग सरळ झाली.

"तसं दिसत नाही गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

घरी लव्हॉनने विचारलं. मी सांगितलं, जमलं नाही. ती म्हणाली, "हातची नोकरी, मार्ली. हातची. तुला हवी तरी होती का?"


५ मार्च, मंगळवार

मिस्टर ओलंड ह्यांच्या फ्युनरल होममध्ये, अंत्यविधीची सगळी व्यवस्था करतात तिथे, मुलाखत. कोरीने कचरतच सांगितलं होतं. दारात उभं राहून लोकांचे कोट घ्यायचे, सही करायला वही पुढे करायची, मृताच्या खोलीपर्यंत न्यायचं. मी म्हटलं, आता काय, कुठेही जाईन.

मिस्टर ओलंड साठीचे, आजोबांपासूनचा धंदा. प्रश्न थोडे विचारले. मी गोठले होतेच, गोठलेलीच राहिले. सराव केलेलं हसू काढायचंच विसरले. त्यांनी विचारलं, "समोर एखादी आई आक्रोश करत असेल तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, "शेजारी उभी राहीन." एवढंच सुचलं.

त्यांनी माझा चेहरा निरखून बघितला. मग म्हणाले, "मिसेस टॉरविक, मी आठ जणांना भेटलो. कुणी कळवळा दाखवतं, कुणी दात दाखवतं. लोकांना दारात दोन्ही नको असतं. तुमच्यासारखी शांतता शिकवून येत नाही."

नोकरी मिळाली! १८ तारखेपासून. विमा नव्वद दिवसांनी, म्हणजे १६ जूनला सुरू.

कोरीला फोन केला. तो ओरडलाच. "बघा! तुमचं व्यक्तिमत्त्व ओळखणारं कुणीतरी भेटलं!"

मी खूश आहे. बस्स, एवढंच की ज्या बाईला त्यांनी नोकरी दिली ती मला भेटलेली नाही.


३ एप्रिल, बुधवार

काम चांगलं आहे. काळा ड्रेस, काळे सपाट बूट. लोक येतात, मी कोट घेते. मिस्टर ओलंड मागून म्हणतात, "फार छान, मिसेस टॉरविक." सतरा अंत्यविधी झाले. लोक मला बघून आवाज खाली करतात.

लव्हॉन वाणसामानाची यादी हातात घेऊन म्हणाली, "हे काय लिहिलंयस? मुंग्या चालल्यात. दूध का दही?" मी म्हटलं, चष्मा बदल. मग ही वही चाळली. जानेवारीत माझं अक्षर ओळीत मावत नव्हतं. आता एका ओळीत दोन ओळी बसतील. कागद वाचवायची सवय लागली असावी.


३० एप्रिल, मंगळवार

अंथरुणात कूस बदलायला त्रास होतो. चादर पकडून स्वतःला ओढावं लागतं. दिवसभर उभं राहून पाठ आखडते. आज कामावर जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले, क्षणभर. मिस्टर ओलंडना वाटलं मी आदराने थांबले.


२५ मे, शनिवार

एल्मर वेंट्झ नावाच्या म्हाताऱ्याचं अंत्यदर्शन होतं. लोकांनी यायची वेळ दोन ते चार. त्यांची बायको मिसेस बर्निस वेंट्झ दारापाशीच खुर्ची मागून बसली. मला वाटलं, आत जायचा धीर होत नसेल. दोन तास ती येणाऱ्यांशी बोलत होती आणि मधे मधे माझ्याकडे बघत होती.

सगळे गेल्यावर तिने मला बोलावलं. "बाई, नाव काय तुझं?"

सांगितलं.

"जरा त्या खिडकीपर्यंत चाल आणि परत ये."

दुःखातली माणसं काहीही सांगतात, आपण ऐकायचं असतं. मी चालले.

"डावा हात हलत नाही तुझा. चालताना माणसाचे हात हलतात. तुझा एकच हलतो." मग तिने माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा चालूच होता. "हे कधीपासून?"

"भीतीने होतं. मुलाखतींपासून."

"ह्या लिलींचा वास येतो का तुला?"

खोलीत लिलींचे अठरा हार आणि गुच्छ होते. मी हो म्हणणार होते.

"एल्मरला वाटायचं कॉफी हल्ली वाईट येते. दोन वर्षं कॉफी बदलत होतो आम्ही. आणि सगळे म्हणायचे, एल्मर गर्विष्ठ झाला. हसत नाही, बोलत नाही. माझी सख्खी बहीण घरी यायची बंद झाली. डॉक्टरने नाव सांगेपर्यंत मीही त्याच्याशी भांडत होते." तिने हात सोडला नाही. "पार्किन्सन्स. मी डॉक्टर नाही. पण बारा वर्षं हा चेहरा माझ्या समोर बसून जेवलाय. जाऊन दाखव, पोरी."

शिकवलेलं वाक्य तेवढं तोंडातून आलं: "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

नवऱ्याला नुकतंच पोचवणाऱ्या बाईला तो सगळीकडे दिसणारच. मी तिच्यावर रागावलेले नाही.


२६ मे, रविवार

लव्हॉन चर्चला गेल्यावर स्वयंपाकघरातले डबे उघडले. कॉफी. दालचिनी. व्हिनेगर. फरशी पुसायचं ब्लीच. डेलची दाढी झाल्यावर लावायची बाटली लव्हॉनने अजून ठेवली आहे, तीही उघडली.

सर्दी असेल. पण मला सर्दी नाही.


२ जून, रविवार

विम्याला पंधरा दिवस. आत्ता डॉक्टरकडे गेले आणि काही निघालं तर? मिस्टर ओलंडना कळलं तर? नोकरी गेली तर विमा सुरूच होणार नाही. पंधरा दिवसांनी काही आकाश कोसळत नाही. इतके महिने गेले.

कामावर डावा हात पाठीमागे धरून उभी राहते. मिस्टर ओलंड म्हणाले, ही ढब फार भारदस्त आहे.

लव्हॉनला सांगितलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. शुक्रवारी तिच्या लग्नाचा वाढदिवस होता, डेलशिवायचा पहिला. ती टेबलापाशी रडत होती. मी समोर बसले, तिचा हात धरायला माझा हात निघेपर्यंत ती उठून गेली. जाताना म्हणाली, "तुझ्यासमोर रडणं म्हणजे फ्रिजसमोर रडणं."


१८ जून, मंगळवार

डॉक्टरकडे गेले. तरुण बाई आहे. बोटं आपटायला लावली, मनगट वळवून बघितलं, माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं आणि त्या वाक्याकडे फार वेळ बघितलं. सही केलेला कागद दिला: पूल ओलांडून डलूथला मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे. एरवी तीन महिने थांबावं लागतं, कुणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून ९ जुलै मिळाली.

"मुलाखतींच्या भीतीने असं होऊ शकतं का?" मी विचारलं.

"भीतीने वाढतं," ती म्हणाली. "भीतीने सुरू होत नाही."


२५ जून, मंगळवार

रजा मागायची म्हणून मिस्टर ओलंडना सांगावंच लागलं. खोटं सांगायचं ठरवून गेले होते, पण त्यांच्या खोलीत हात पाठीमागून सुटला आणि टेबलावरची काचेचा पेपरवेट खडखडला.

त्यांनी टोपी काढून ठेवली. "म्हणजे ती शांतता..." म्हणाले.

"हो. तसं दिसतंय."

"मी लोकांना तुमचं कौतुक सांगत होतो." ते माझ्याइतकेच लाजलेले वाटले. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. हात असा असताना दारात नाही ठेवता येणार. लोक त्या हाताकडेच बघतात. सोमवारपासून मागच्या खोलीत बसा. मृत्यूच्या बातम्या टाइप करायच्या, फुलवाल्यांना फोन. आठवड्याला तीस तास, म्हणजे विमा राहील. पगार थोडा कमी. किती दिवस ते मात्र मला सांगता येणार नाही."

मी आभार मानले. त्यांना ते ऐकू गेले की नाही कळलं नाही.


९ जुलै, मंगळवार

लव्हॉनने गाडी चालवली. तिला फक्त 'पाठीची तपासणी' एवढंच सांगितलं होतं. ती बाहेर मासिक वाचत बसली.

आत मला बोळातून चालवलं, मागून खांद्यांना धरून खेचलं, पडते का बघायला. पडले असते, तज्ज्ञाने धरलं. मग बसवून सांगितलं. तेच नाव. मिसेस वेंट्झनी दारापाशी बसून सांगितलेलं. बरं होत नाही, गोळ्यांनी काही वर्षं सावरतं, हात आधी सुधारेल, चेहरा कदाचित थोडा. सुरुवात कधी झाली असावी? मी दुकानातल्या शेवटच्या वर्षाबद्दल सांगितलं, कापड तिरकं जायला लागलं होतं आणि गिऱ्हाइकं कमी झाली होती. तो म्हणाला, दोन वर्षं, जास्तही असतील.

हातात माहितीपत्रक दिलं.

गाडीत बसलो. डलूथच्या उतारावरून खाली सगळं सरोवर दिसत होतं, खनिजाचं एक जहाज वर उचललेल्या पुलाखाली शिरत होतं. लव्हॉनने किल्ली लावली, फिरवली नाही.

"काय म्हणाले?"

मी तिच्याकडे बघितलं. शब्द जुळवत होते.

"मार्ली, काय म्हणाले? तासभर आत होतीस. चांगलं की वाईट? तुझ्याकडे बघून कधी काही कळेल तर शपथ! दगडाशी बोलतेय का मी?"

मी पत्रक तिच्या मांडीवर ठेवलं आणि बोट ठेवून दाखवलं. 'चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात. भावना असूनही त्या दिसत नाहीत. रुग्ण उदास, रागीट किंवा बेफिकीर असल्याचा जवळच्या माणसांचा गैरसमज होतो.'

तिने ते वाचलं. वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिल्या पानावरचं आजाराचं नाव वाचलं. बोटं ओठांवर गेली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी, म्हणाला."

ती मनात काहीतरी मोजत होती ते मला दिसलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

"डेलच्या शवपेटीपाशी," ती म्हणाली, "तू अशी उभी होतीस, जणू बसची वाट बघतेस. माझी सगळी सासरची माणसं बोलली. आणि मी... मी तुला घरी आणलं ते भाड्यासाठी, मार्ली. माफ केलेलं नव्हतं. आठ महिने एका टेबलावर जेवले आणि माफ केलं नाही."

"मी तेव्हा चर्चच्या तळघरात जाऊन रडले होते," मी म्हटलं. "सँडविचांच्या ट्रेमागे. डेल मला मार्ली-बाय म्हणायचा. मला वाटलं, तुझ्यासमोर मी खंबीर राहिले."

"मोठ्याने बोल. ऐकू नाही आलं."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, चार मोजत श्वास घेऊन. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोकं त्यांच्यावर टेकवलं. हॉर्न वाजला. शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायला लागला, मग त्याने मान फिरवली.

मग ती सरळ बसली. नाक पुसलं.

"आता काय वाटतंय तुला? तोंडाने सांग. यापुढे तोंडानेच सांगायचं, मला चेहऱ्यावरून कळायचं नाही."

"भीती वाटतेय."

"किती?"

"खूप. इतकी की पाय हलत नाहीयेत."

"बरं," ती म्हणाली. "आणखी काय?"

"तुझा राग येतोय."

"बरं. आणखी?"

मी आणखी सांगत गेले. रोझालिंडचं दुकान सांगितलं, पट्टी वाजली ते. कोरीच्या पडद्यावरची बाई सांगितली. कोटाच्या बटणाची सहा मिनिटं सांगितली. तिच्या लग्नाच्या वाढदिवशी तिचा हात धरायला निघालेला हात पोचला नाही ते सांगितलं. ती मधे काही बोलली नाही, फक्त आवाज फार खाली गेला की "मोठ्याने" म्हणायची आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. गाडी तापली होती, आम्ही काचा उघडल्या नाहीत. जहाज पुलाखालून पलीकडे गेलं, पूल खाली आला, अडकलेल्या गाड्या सुटल्या, आणि माझं अजून संपलेलं नव्हतं.